दोनच्या आत पोचवायचं लुगडं

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, पारोळ्याच्या पुढे चार किलोमीटरवर, आमच्या स्कूटरचं मागचं चाक बसलं. स्कूटरवर आम्ही दोघं होतो. चालवत होता माझा चुलतभाऊ, मागे मी. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत एक नऊवारी लुगडं. ते लुगडं दोनच्या आत धुळ्यात पोचायचं होतं. समोरच्या हिरव्या फलकावर धुळे एकतीस किलोमीटर होतं.

वेळा मी आठवणीने लिहीत नाही. त्या दिवशीच्या फोनच्या नोंदी माझ्याकडे आहेत.

आमची फुई, म्हणजे वडिलांची बहीण, त्या पहाटे धुळ्यात वारली. आमच्याकडे लग्न झालेली बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते माहेराहूनच यावं लागतं. फुईच्या माहेरात तिच्या पिढीचे आता फक्त नाना उरले होते. ते तिचे भाऊ, आमचे काका, वय ऐंशीच्या घरात. नाना सकाळी आठला भाड्याच्या जीपने चार नातेवाइकांसह पुढे गेले. साड्यांची दुकानं तेव्हा उघडलेली नव्हती. धुळ्यात घेता येईल असं जीपमधल्या कोणीतरी सुचवलं. नाना म्हणाले, "धुळ्यात घेतलेलं धुळ्याचं. ते लोक चौकशी करतील." मग त्यांनी मला आणि चुलतभावाला मागे ठेवलं. दहाला दुकान उघडलं की लुगडं घ्यायचं आणि दोनच्या आत यायचं. लुगडं जमिनीवर ठेवायचं नाही. ते त्यांना स्वतःच्या हाताने बहिणीच्या अंगावर घालायचं होतं. जीपमध्ये बसताना ते एवढंच दोनदा बोलले.

नानांच्या या घाईला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी शेताच्या वाटण्या झाल्या तेव्हा फुईने हक्कसोडपत्रावर सही केली नाही. तिघा भावांनी तिच्याशी बोलणं सोडलं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्यांना न्यायला भाऊ किंवा भाचा जातो. त्या वर्षापासून फुईला न्यायला कोणी गेलं नाही. तिघा भावांत माझे वडीलही होते. ते आणि चुलतभावाचे वडील, तिघांतले थोरले, पुढे वारले. फुई दोघांच्या मयताला आली, अंगणात बसली, पाणी न पिता गेली. तिच्या थोरल्या मुलाने त्या सकाळी फोनवर नानांना सांगितलं होतं की मयत दोनला उचलू. माहेरचं लुगडं आलं तर ठीक, नाही आलं तर घरातलं आहे.

जळगावातल्या लुगड्याच्या दुकानात आम्ही दहा वाजून पाच मिनिटांनी गेलो. दुकानदाराने विचारलं, बाई साडी नेसायच्या की लुगडं. मी भावाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी नानांना फोन लावला. "लुगडं," ते म्हणाले. "ती जन्मभर लुगड्यात होती." फुवा, म्हणजे फुईचे यजमान, आधीच गेलेले होते, त्यामुळे रंग फिका, काठ बारीक. दुकानदाराने घडी पिशवीत घातली. पिशवी मी उचलली. ती मी उचलली हे भावाने पाहिलं.

आमच्या दोघांत चार वर्षं बोलणं नव्हतं. मी जळगावात एका दैनिकात वीस वर्षं वार्ताहर होतो. चार वर्षांपूर्वी मी एक बातमी दिली होती. असोद्याच्या पुढच्या पट्ट्यात केळीच्या बागांना वीज तारेवर आकडा टाकून घेतली जाते, अशी. बातमीत नाव कोणाचंच नव्हतं. फोटोत एक विहीर होती, आणि ती विहीर भावाची होती. पथक आलं, पंप जप्त झाला, त्याच वर्षी तो ग्रामपंचायतीला पडला. त्याचं म्हणणं, बातमी खोटी होती. माझं म्हणणं, खरी होती. या विषयावर आमचं तेवढंच बोलणं झालं.

स्कूटर त्याची होती. त्याच्या वडिलांची, गिअरची, जुन्या पत्र्याची. मोटारसायकल त्याचा मुलगा कॉलेजला घेऊन गेला होता. माझी स्कूटर बॅटरीवरची, ती धुळ्याला पोचली नसती. मी एसटीने जाऊ म्हणालो होतो. तो म्हणाला, "तू जाय एसटीनं. लुगडं दे." म्हणून मी स्कूटरवर बसलो.

चाक बसलं तेव्हा स्कूटर दोन वेळा मागून हलली. भावाने ती कडेला घेतली. त्याने उतरून टायरला बोट लावलं आणि मला म्हणाला, "तुझ्या वजनानं."

रस्ता चौपदरी, कडेला झाड नाही. खालच्या शेतात उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग होते. ऊन डोक्यावर होतं.

"स्टेपनी आहे ना?" मी विचारलं.

"मागं काय लटकेल हाय मंग? भाकर?"

स्टेपनी सीटच्या मागे होती, काळ्या रेक्झिनच्या कव्हरात. या जुन्या स्कूटरची दोन्ही चाकं आणि स्टेपनी एकाच मापाची असतात. पाच नट काढायचे, चाक उतरवायचं, दुसरं बसवायचं. हात बसलेला माणूस हे काम पंधरा मिनिटांत करतो. भावाचा हात बसलेला होता. त्याने डिकीतून पाना काढला, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि स्कूटर स्टँडवर असतानाच नट सैल करायला घेतले. दुसरा नट गंजलेला होता. तो पान्यावर उभा राहिला. मी उभा होतो.

"हात लाव ना," तो म्हणाला.

"पिशवी कुठे ठेवू?"

नानांची अट त्यालाही माहीत होती. त्याने रस्त्याकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं. "पत्रकाराचं बरं असतं," तो म्हणाला. "काम दुसऱ्यानं करायचं, यानं उभं ऱ्हाऊन पाहायचं. मंग लिहायचं."

"मी सोडलं ते आता."

"तुले काढलं असं ऐकलं मी."

मला काढलेलं नव्हतं. आवृत्ती बंद झाली होती. हे मी त्याला सांगितलं नाही.

चाक उतरवायला स्कूटर इंजिनाच्या बाजूला आडवी करावी लागते आणि ते एकट्याला जमत नाही. मी पिशवीचे बंद गळ्यात अडकवले, पिशवी पाठीवर टाकली आणि हँडल धरलं. दोघांनी मिळून स्कूटर आडवी केली. टाकीच्या झाकणातून थोडं पेट्रोल रस्त्यावर आलं. मी वाकलो की पिशवी पुढे येऊन माझ्या तोंडाशी लोंबायची. एका ट्रकवाल्याने जाताना हॉर्न वाजवला आणि हसला. भावाने त्याला शिवी दिली, मग माझ्याकडे बघून तीच शिवी पुन्हा दिली.

बारा पस्तीसला चाक बाहेर आलं. त्यात एक तार घुसलेली होती, बोटभर लांब. ते चाक त्याने मातीत टाकलं आणि स्टेपनीच्या कव्हरची चेन ओढली.

स्टेपनीच्या रिममध्ये हवेच्या नळीसाठी भोक असतं. त्यातून ट्यूबची नळी बाहेर दिसते. त्या भोकात काही नव्हतं. पलीकडची माती दिसत होती.

भाऊ ते बघत राहिला. मग कव्हर पुन्हा वर ओढायला लागला.

"ट्यूब कुठे आहे?" मी विचारलं.

मी पुन्हा विचारलं.

"ठिबकले बांधली," तो म्हणाला.

केळीच्या बागेतली ठिबकची नळी फुटली की शेतकरी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यावर आवळतात. गळती थांबते. त्याने दिवाळीच्या आधी स्टेपनीतली ट्यूब काढून तिच्या पट्ट्या केल्या होत्या. टायर आणि रिम परत जोडून, कव्हर चढवून, मागे लावून टाकली होती. नंतर नवी ट्यूब टाकायची होती. ती राहिली.

"सकाळी मी विचारलं होतं," मी म्हणालो. "स्टेपनी बघितली का. तू म्हणालास, टाइट आहे."

"टायर टाइटच हाय."

"आत काही नाही."

"तू छाप मंग. पेपर नाही आता तर भिंतीवर लिही."

मी नानांना फोन लावला. जीप परत पाठवा म्हणालो. नाना म्हणाले, जीपवाला त्यांना सोडून लग्नाच्या भाड्याला गेला, चारला येणार. मग मी आणि भावाने येणाऱ्या गाड्यांना हात करायला सुरुवात केली. पहिल्या दोन कार थांबल्या नाहीत. तिसरी हळू झाली, आतल्या माणसाने आडवी स्कूटर आणि आम्हा दोघांचे चेहरे पाहिले आणि गाडी पुढे घेतली.

बारा पंचेचाळीसला एक मोटारसायकल थांबली. चालवणारा पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, हँडलला जेवणाचा डबा अडकवलेला.

"काय व्हयनं भाऊ?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. पंक्चर, स्टेपनी, मयत, लुगडं. त्याने पिशवीकडे पाहिलं.

"कोन मरनं?"

"आमची फुई."

"कितला वाजता उचलतस?"

"दोनला."

"मंग येकले मी लई जास. दवाखानामा डबा देवाना शे, धुयालेच जाई ऱ्हायनू. बसा येक जन, लुगडं ल्या."

सव्वा वाजता लुगडं धुळ्यात पोचलं असतं, वाटेत थांबलं असतं तरी दीडला. मी मोटारसायकलकडे निघालो. भावाने माझा दंड धरला.

"लुगडं दे," तो म्हणाला.

"मी जातो. स्कूटर तुझी आहे, तू दुरुस्त करून ये."

"थोरल्याचा पोरगा मी हाय. लुगडं माझ्या हातानं जाईन."

"नानांनी पिशवी माझ्याकडे दिली."

"दिली नाही. तू उचलली. दुकानात पाहिलं मी."

"वेळ चाललाय, भाऊ."

"मंग दे. तू जाऊन काय करशीन? फोटो काढशीन?"

मोटारसायकलवाल्याने इंजिन बंद केलं. "दोन्हीस्नी फुई शे ना?" तो म्हणाला. "मंग कोनी बी बसा."

बारा एकोणपन्नासला नानांचा फोन आला. मी चार पावलं बाजूला झालो. एक माणूस न्यायला तयार आहे, पण जागा एकाची आहे, असं मी सांगितलं. मागे बरीच माणसं बोलत होती. नाना म्हणाले, "त्याला पाठव. थोरल्याचा आहे तो, त्याच्या हाती दे. तू मागून ये. लवकर या बाबा, इथे मला कोणी बस सुद्धा म्हटलेलं नाही."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

"काय म्हनले नाना?" भावाने विचारलं.

"लवकर या म्हणाले," मी सांगितलं.

हे नाना म्हणाले होते. त्याआधीचं मी सांगितलं नाही.

भावाने पिशवीचा एक बंद धरला. दुसरा माझ्या हातात होता. त्याने ओढलं, मी सोडलं नाही. बंदाची शिवण एका टोकाला उसवली. आम्ही दोघं पन्नाशीजवळचे. मोटारसायकलवाला आमच्याकडे बघत होता. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि किक मारली.

"तुमनं चालू द्या," तो म्हणाला. "डबा थंडा व्हई ऱ्हायना."

तो गेला तेव्हा बारा छप्पन झाले होते.

त्याची मोटारसायकल दिसेनाशी झाल्यावर भावाने बंद सोडला. "तुझ्यामुळं गेला," तो म्हणाला. मीही तेच म्हणालो. दोन मिनिटांनी फुईच्या थोरल्या मुलाचा फोन आला. तो माझ्याशी बारा वर्षांत पहिल्यांदा बोलत होता. त्याने विचारलं, कोठे शेत, म्हणजे कुठे आहात. मी सांगितलं. तो म्हणाला, "बरं. आमीन दोनले उचलसूत," आणि फोन बंद झाला.

मागे, पारोळ्याच्या दिशेने दीड किलोमीटरवर एक ढाबा लागला होता. त्याच्या बाजूला टायर टांगलेले मी पाहिले होते. चाक तिथे न्यायचं ठरलं. एकाने जायचं आणि एकाने स्कूटरजवळ थांबायचं, हे सोपं होतं. पण मी पिशवीसह मागे राहिलो तर मिळेल त्या गाडीने धुळ्याला निघून जाईन, असं भावाला वाटलं. त्याचं वाटणं बरोबर होतं. त्यामुळे आम्ही दोघं निघालो. तो चाक गडगडवत पुढे, मी पिशवी छातीशी धरून मागे. स्कूटर कडेला आडवीच राहिली. चाक वाकडं जाऊन दोनदा रस्त्याच्या मध्ये गेलं. दोनदा त्याने धावत जाऊन आणलं. मी धावलो नाही.

पंक्चरवाला खाटेवर बसून जेवत होता. एक वाजून सतरा मिनिटं झाली होती.

"ट्यूब हाय का?" भावाने विचारलं. "दहा नंबरची, स्कूटरची."

"दहा नंबरनी आते कोन ठेवस भाऊ? बठ्ठं ट्यूबलेस व्हई गयं."

"मंग पंक्चर काढ. लवकर."

"जेवी ऱ्हायनू ना."

"मयताले जायचंय," भाऊ म्हणाला. "लुगडं हाय आमच्याजवळ."

पंक्चरवाल्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "मंग पयले सांगानं ना," तो म्हणाला आणि भाकरी तशीच ताटात ठेवून हात धुवायला उठला. त्याने रिमचे नट काढून रिमचे दोन भाग वेगळे केले, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली. दोन जागी बुडबुडे आले. एक तारेचं भोक. दुसरं तारेनेच, पण चाक बसल्यावर दहा-वीस पावलं स्कूटर चालवली त्यात झालेलं.

"बठीसन चालाडी का?" त्याने विचारलं.

"हा बसेल होता मागं," भाऊ म्हणाला.

"चालवत कोण होतं?" मी म्हणालो.

पंक्चरवाल्याने दोघांकडे पाहिलं. त्याने कानशीने ट्यूब घासली, सोल्युशन लावलं आणि फुंकर मारत थांबला. सोल्युशन वाळायला वेळ लागतो, तिथे घाई चालत नाही. चार मिनिटांनी त्याने विचारलं, "सख्खा भाऊ शेतस का?"

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

एक वाजून एकेचाळीस मिनिटांनी चाक तयार झालं. पंक्चरवाल्याने स्वतःची मोटारसायकल काढली. तो पुढे, मध्ये चाक मांडीवर घेतलेला भाऊ, मागे पिशवी धरलेला मी. त्याने आम्हाला स्कूटरपाशी सोडलं, स्कूटर आडवी असताना एका बाजूने धरली, दोन नट स्वतः आवळले आणि परत गेला. बाकीचे तीन भावाने आवळले. मधल्या वेळात नानांचे तीन फोन येऊन गेले होते. दोन मी घेतले नाहीत. तिसरा घेतला, पंधरा-वीस मिनिटं थांबवून धरा म्हणालो. नाना म्हणाले, "मी कोणाला सांगू? माझं इथे कोण ऐकतं?"

स्कूटर बराच वेळ आडवी राहिल्यामुळे सुरू होईना. भावाने अकरा किका मारल्या. त्या मी मोजल्या. बाराव्या किकेला इंजिन धरलं. दोन वाजून तीन मिनिटांनी आम्ही निघालो.

स्कूटर पंचेचाळीसच्या वर जात नव्हती.

धुळ्यात फुईचं घर पांझरेच्या पलीकडे आहे. दोन पन्नासला आम्ही दारात पोचलो. ओटा धुतलेला होता. दोन बायका बादल्या घेऊन आत पाणी टाकत होत्या. मयत उचलल्यावर घर धुतात. त्यातल्या एकीने पिशवी पाहिली आणि म्हणाली, "गयात ना ते. अर्धा घंटा व्हयना." दुसरीने आमच्या चपलांकडे पाहून झाडू पुढे घातला. आम्ही पायरी चढलो नाही.

स्मशानात चाळीसेक माणसं होती. चिता रचून झाली होती. फुई लाकडांच्या खाली होती, फक्त तोंडाकडची बाजू उघडी होती. अंगावर साडी होती, मोरपंखी रंगाची, घरातली. नाना एका बाजूला सिमेंटच्या ओट्यावर एकटे बसले होते. जीपमधून आलेले चौघं त्यांच्यापासून लांब उभे होते.

फुईचा थोरला मुलगा आमच्यासमोर आला. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं, खांद्यावर ओला पंचा होता.

"उनात का?" तो म्हणाला, म्हणजे आलात का.

"पंक्चर झालं होतं," भाऊ म्हणाला. "पारोळ्याच्या पुढं."

"बारा वरीस आखाजीले कोनी लेवाले उनं नही. तवय बी पंक्चर व्हतं का?"

मागे उभे असलेल्यांपैकी कोणीतरी हसलं. भाऊ खाली पाहत होता. फुईच्या मुलाने पिशवीत डोकावून पाहिलं.

"लुगडं शे," तो म्हणाला. "मायनी लुगडं सोडीसन आठ वरीस व्हयनात. गाउनवर ऱ्हाये ती. तुमले कोन सांगी म्हना."

नाना उठून आले. त्यांनी माझ्याकडे हात केला, मी पिशवी दिली. त्यांनी पिशवीचा उसवलेला बंद पाहिला.

"मी याला सांगितलं होतं," ते भावाला म्हणाले. "बारा पन्नासला. थोरल्याच्या पोराला पाठव, त्याच्या हाती दे म्हणून. तू का नाही आलास?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. "मले नाही सांगितलं," तो म्हणाला.

नानांनी मला काही विचारलं नाही. ते फुईच्या मुलाकडे वळले. "एकदा तिच्या अंगावर घालू दे," ते म्हणाले.

"आते लाकडं हालाडाना नहीत," तो म्हणाला. "वर ठेवनं व्हई तं ठेवा."

नानांनी पिशवीतून लुगडं काढलं. पिशवी खाली पडली. लुगड्याची घडी त्यांनी मोडली आणि एक टोक उशाकडच्या लाकडांवर ठेवलं. नऊ वार कापड एकट्याला पसरता येत नाही. भाऊ पुढे झाला, दुसऱ्या बाजूने मीही.

"तुम्ही दोघं हात लावू नका," नाना म्हणाले.

त्यांनी ते एकट्याने पसरलं. उशापासून पायथ्यापर्यंत गेले, पुन्हा उशाकडे आले, पुन्हा गेले. वाऱ्याने एक बाजू उडाली तेव्हा त्यांनी त्यावर एक बारीक लाकूड ठेवलं. याला सहा-सात मिनिटं लागली. फुईच्या मुलांनी त्यांना थांबवलं नाही आणि मदतही केली नाही.

तीन वाजून चौदा मिनिटांनी थोरल्या मुलाने अग्नी दिला. आधी लुगडं पेटलं.